परवाना कुणाला, सूट कुणाला

१८५७ च्या नोव्हेंबर महिन्यात मुधोळच्या घोरपडे संस्थानातल्या हलगली गावी हुकूम आला की घरातली हत्यारे आणून नोंदवा. गाव बेडरांचे होते. आपल्याकडे त्यांना बेरड म्हणतात. शिकार करणे, राखण करणे, गरज पडली तर संस्थानिकाच्या बाजूने उभे राहणे, असा त्यांचा पिढीजात व्यवसाय. तलवार आणि तोड्याची बंदूक ही त्यांच्या दृष्टीने नांगर-कुळवासारखी अवजारे होती. ही बंदूक चालवायला सवड लागते. नळीत दारू आणि गोळी ठासायची, कानावर रंजक घालायची, पेटता तोडा टेकवायचा आणि मग आवाजाची वाट पाहायची. इंग्रजी फौजेच्या नव्या रायफलींपुढे असल्या बंदुकीचे बळ थोडेच होते. तरीही हलगलीने नकार दिला. आज नोंद म्हणजे उद्या जप्ती, हे गावाने ओळखले होते. नोव्हेंबर संपता संपता इंग्रजी फौज आली, गावाला आग लावली गेली, जवळजवळ ३०० जण पकडले गेले आणि त्यांतल्या १९ जणांना फाशी झाली. त्यांच्यावर रचलेली कानडी लावणी पुढे जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानेच लोकांच्या तोंडून टिपून छापली. हिंदुस्थानातल्या हत्यार कायद्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण १८७८ पासून सुरुवात करतात. ती हलगलीपासून करावी असे मला वाटते, कारण या कायद्याच्या मुळाशी काय होते ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

मुळाशी होती भीती. तिला कारणही होते. १८५७ चा उठाव आधी फौजेत झाला, पण अवधमध्ये तो गावोगाव पसरला, कारण तिथल्या तालुकदारांच्या गढ्या होत्या, गढ्यांवर तोफा होत्या आणि रयतेच्या घरोघरी बंदुका होत्या. पंजाबात १८४९ च्या विलीनीकरणानंतर लगेच नि:शस्त्रीकरण झाले होते, सुमारे १ लाख २० हजार हत्यारे सरकारजमा झाली होती, आणि १८५७ मध्ये पंजाबची रयत तुलनेने शांत राहिली होती. पंजाब शांत राहण्यामागे शिखांचे राजकारण, नव्या भरतीचे आमिष आणि इतरही कारणे होती. राज्यकर्त्यांनी मात्र आपल्याला सोयीचा तेवढाच धडा घेतला. अवध ताब्यात येताच दीड हजारांहून अधिक गढ्या पाडल्या गेल्या, सातशेच्या वर तोफा आणि लाखो लहानमोठी हत्यारे गोळा झाली. १८५७ मध्येच एक तात्पुरता कायदा झाला होता. १८६० मध्ये त्याला अधिक टिकाऊ रूप दिले गेले. म्हणजे देशाचे प्रत्यक्ष नि:शस्त्रीकरण ज्याला म्हणता येईल ते लॉर्ड लिटन व्हाइसरॉय म्हणून येण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच होऊन गेले होते. लिटनच्या कायद्याने देश एका फटक्यात नि:शस्त्र केला, असे आपण भाषणांतून ऐकतो. कालक्रम तसे सांगत नाही.

मग लिटनने वेगळे काय केले? लिटन १८७६ मध्ये आला. १ जानेवारी १८७७ ला त्याने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, आणि त्याच वेळी दख्खन व मद्रास इलाख्यात दुष्काळाने माणसे मरत होती. त्याआधी दोन वर्षे, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले होते. त्यांत सावकारांची खतपत्रे शोधून जाळण्यावर भर होता, माणसे मारण्यावर नव्हता. वायव्येला रशिया पुढे सरकत होता आणि अफगाणिस्तानाशी युद्ध दाराशी येऊन ठेपले होते. अशा वेळी १४ मार्च १८७८ ला देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा एकाच बैठकीत संमत झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, १८७८ चा अकरावा कायदा म्हणजे हत्यार कायदा पुस्तकात चढला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे हा कायदा आला असा समज आपल्याकडे आढळतो. तोही उलटा आहे. फडक्यांनी धामारीवर पहिली धाड घातली ती फेब्रुवारी १८७९ मध्ये, कायदा झाल्यावर जवळजवळ वर्षाने. नवा कोरा कायदा हाताशी असूनही सरकारला त्यांचे बंड मोडायला फौज, बक्षिसे आणि खबरे लागले. जुलै १८७९ मध्ये आजच्या विजापूर जिल्ह्यातल्या देवर नावडगीला फडके पकडले गेले तेव्हा ते आजारी होते.

कायद्याचा मजकूर वाचला तर तो वरवर कुणालाही खटकणार नाही. हत्यारे म्हणजे बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले आणि धनुष्यबाणसुद्धा. बनवायला आणि विकायला परवाना. बंदूक आणि दारूगोळा बाळगायला परवाना. हत्यार घेऊन बाहेर पडायला परवाना. म्हणजे दसऱ्याला पूजेत मांडायची वडिलोपार्जित तलवार घराच्या भिंतीवर टांगलेली असणे ही एक गोष्ट, ती कमरेला लावून सीमोल्लंघनाला निघणे ही दुसरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि लपवून केलेल्या गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंत. या सगळ्यात गोरा-काळा असा शब्द कुठेही नाही. भेद ठेवला होता २७ व्या कलमात. कोणत्याही व्यक्तीला किंवा व्यक्तींच्या वर्गाला या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार त्या कलमाने सरकारला दिला, आणि कायद्याखालच्या नियमांच्या परिशिष्टात सुटीची यादी जोडली गेली. त्या यादीत युरोपियन होते, अँग्लो-इंडियन होते, आर्मेनियन होते, अमेरिकन होते. त्यांच्याबरोबर राजेरजवाडे, मोठे जमीनदार, सरकारी पदव्या मिळालेले काही हिंदी लोक होते. कुर्गच्या कोडवांना त्यांच्या निष्ठेबद्दल आधीपासूनच मोकळीक होती. कायद्याने विधान केले सर्वांसाठी आणि परिशिष्टाने माणसे निवडली वंशावरून आणि मर्जीवरून. मुंबईच्या बंदरावर काल उतरलेला परदेशी व्यापारी विनापरवाना पिस्तूल बाळगू शकत होता. चाळीस वर्षे सरकारी नोकरी करून निवृत्त झालेल्या हिंदी मामलेदाराला मात्र, तो सुटीच्या यादीत बसत नसेल तर, कलेक्टरकडे अर्ज करावा लागे आणि नकार मिळाला तर त्याचे कारण विचारण्याचा हक्क त्याला नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे की १८७८ च्या कायद्याचा अन्याय हत्यारांवरच्या बंधनात शोधू नये, तो या परिशिष्टात शोधावा. त्या काळच्या इंग्लंडकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. १८७० मध्ये ब्रिटनमध्येही बंदुकीसाठी परवान्याचा कायदा झाला होता. पण तो परवाना म्हणजे वर्षाला दहा शिलिंगांचा कर. पोस्टात जायचे, पैसे भरायचे, कागद घेऊन यायचे. कारकुनाला अर्जदाराचा वंश, निष्ठा किंवा चालचलणूक विचारण्याचा अधिकार नव्हता, आणि घरात बंदूक ठेवायला तर हा परवानाही लागत नसे. त्याच राज्यकर्त्यांनी एका देशात परवाना ही पावती मानली आणि दुसऱ्या देशात ती मेहेरबानी केली. खुद्द ब्रिटनने बंदुका देण्या-न देण्याचा अधिकार पोलिसांच्या हाती दिला तो १९२० मध्ये, महायुद्धानंतर, रशियन क्रांतीचे वारे आपल्याकडे येईल या धास्तीने. ज्या राज्याला आपल्याच रयतेची भीती वाटू लागते ते आधी तिच्या हातांकडे पाहते, हे इंग्लंडलाही चुकले नाही. फरक इतकाच की तिथे तो नियम लॉर्डालाही लागू होता.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. या कायद्याने राष्ट्राचा कणाच मोडला, शूर जमातींना नेभळट केले, त्यामुळे अन्यायाचे स्वरूप वांशिक भेदापुरते मर्यादित ठेवणे म्हणजे त्याची धार बोथट करणे होय, असा तो आक्षेप आहे. त्याला मोठ्या माणसांचा आधार आहे. १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये राजा रामपाल सिंग यांनी स्वयंसेवक पथकांत हिंदी लोकांना घेण्याची मागणी करताना हेच म्हटले होते की या धोरणाने योद्ध्यांचे लेखणीबहाद्दर होतील. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकातही, ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत इतिहास या कायद्याला सर्वांत काळे मानेल, असा आशय होता. या भावनेचा मान राखूनही मला वाटते की पुरावा तिच्या बाजूने पूर्ण उभा राहत नाही. याच कायद्याच्या काळात हिंदी सैन्य जगभर लढले. देशाचे धैर्य घरातल्या बंदुकीवर अवलंबून नव्हते, हे गांधीजींनीच पुढच्या दोन वर्षांत दाखवून दिले. आणि ‘लढाऊ जाती’ व ‘नेभळट जाती’ ही विभागणी मुळात साम्राज्याच्या भरती-दप्तराची होती. आपल्या बाजूने बोलताना तिची भाषा उसनी घेतली की त्या दप्तराचे निकषही नकळत मान्य होतात.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूचा आहे. कायद्याचा हेतू वाईट असेल, पण त्याने शांतता राखली ना? याचे प्रामाणिक उत्तर ‘काही अंशी हो’ असे आहे, आणि ते क्रांतिकारकांच्याच इतिहासात सापडते. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून लपवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. इतक्या लांबून, इतक्या जोखमीने ते आणावे लागले, कारण इथे ते मिळतच नव्हते. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली गेली. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने नोंदवले आहे की त्यांतली ४४ पिस्तुले लगोलग बंगालमधल्या नऊ गटांत वाटली गेली आणि ५४ दरोडे, खून किंवा खुनाच्या प्रयत्नांत ती वापरली गेली. पन्नास पिस्तुलांनी एका प्रांताची झोप उडावी, इतकी त्या देशात पिस्तुले दुर्मीळ होती. तेव्हा नियंत्रणाचा परिणाम झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षांत मस्कतमार्गे आलेल्या रायफलींनी वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्या सज्ज होत होत्या आणि इंग्रजी आरमाराला इराणच्या आखातात गस्त घालावी लागत होती. म्हणजे कायदा जिथे राज्याची पकड होती तिथे चालला, आणि तिथल्या माणसाला तो सर्वांत जाचला. शिवाय, शांततेसाठी नियंत्रण लागते एवढे मान्य केले तरी आर्मेनियन व्यापाऱ्याला सूट आणि पुण्याच्या वकिलाला अर्ज, याचे समर्थन त्यातून निघत नाही.

काँग्रेसने हे पहिल्यापासून नीट ओळखले होते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, हत्यार कायद्याविषयी ठराव झाला. कायदा रद्द करा असे त्यात म्हटलेले नव्हते. त्याची अंमलबजावणी लोकांना जाचते आणि त्याने निष्ठावंत जनतेवर नाहक कलंक येतो, म्हणून तो बदला, अशी मागणी होती. ‘कलंक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जाच शेतकऱ्यांना होत होता. रानडुकरे आणि माकडे पीक नेत होती. श्वापदे आणि सर्पदंश यांनी मेलेल्यांचे तक्ते सरकार स्वतः दरवर्षी छापत असे, आणि त्यांतला आकडा वीस हजारांच्या आसपास असे. त्यांतले बहुसंख्य मृत्यू सापाने होत, आणि सापापुढे बंदूक उपयोगाची नाही, हेही सांगायला हवे. कलंक मात्र सुशिक्षितांना झोंबला. इल्बर्ट विधेयकाच्या वेळी, १८८३ मध्ये, हिंदी न्यायाधीशापुढे उभे राहायला नकार देणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांचा थयथयाट त्यांनी पाहिला होता. त्याच मळेवाल्यांच्या भिंतीवर विनापरवाना रायफल टांगलेली होती.

इथे दोन जुळ्या कायद्यांचे नशीब शेजारी ठेवून पाहावे. वृत्तपत्रांवरचा कायदा इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टनने निवडणुकीच्या प्रचारात झोडपला, आणि लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये तो रद्द केला. चार वर्षांत तो संपला. हत्यार कायदा मात्र रिपनने तसाच ठेवला, त्याच्यानंतरच्या व्हाइसरॉयांनीही ठेवला. उदारमतवादी इंग्रजाला हिंदी माणसाच्या लेखणीची बाजू घेता आली, त्याच्या हातावर विश्वास ठेवणे मात्र त्याला जमले नाही. लेखणीच्या बाजूने बोलायला लंडनमध्ये संपादक होते, खासदार होते. मुधोळच्या बेडराच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते.

वांशिक सूट हटली ती महायुद्धानंतर. चौदा-पंधरा लाख हिंदी माणसे इंग्रजांच्या बाजूने युद्धावर नेल्यावर, घरी परतलेल्या सुभेदाराला परवाना आणि शेजारच्या गोऱ्या कारकुनाला सूट, हे दिल्लीलाही सांगवेना. १९२० च्या नियमांनी वंशावर आधारलेली सूट काढून टाकली, १९२४ मध्ये नियम पुन्हा घडवले गेले. शिखांच्या कृपाणाचा प्रश्न त्याआधीच पुढे आला होता आणि १९१४ ते १९१७ या काळात कृपाणाला टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळाली. कायदा मात्र तोच राहिला आणि अधिकाऱ्याची मर्जीही तीच राहिली. म्हणून मागणी थांबली नाही. १९२८ च्या नेहरू अहवालात नागरिकाला हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला गेला. गांधीजींनी १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत शेवटची, स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही होती. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात हा हक्क पुन्हा आला. आज बंदुकीच्या अनिर्बंध हक्काची भाषा करणारे या तीन दाखल्यांचा आधार घेतात. त्यांनी ते पूर्ण वाचावेत. अहवालात आणि ठरावात हक्काच्या पाठोपाठच ‘त्यासाठी केलेल्या नियमांनुसार’ ही अट आहे, आणि गांधीजींच्या मागणीतही परवाना आहे, त्यावर लोकांचे नियंत्रण आहे. परवाना असू द्या, पण तो देणारा आम्हाला जबाबदार असू द्या, हे त्या पिढीचे म्हणणे होते.

डिसेंबर १९४८ मध्ये हा वाद घटना समितीत उभा राहिला. हरि विष्णू कामथ यांनी कराची ठरावाची आठवण देऊन हत्यार बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. त्यामागची वेदना खरी होती. सत्तर वर्षांचा अपमान घटनेच्या पानावर पुसावा असे त्यांना वाटत होते. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. असा हक्क एकदा मूलभूत झाला की सराईत गुन्हेगाराच्या हाती हत्यार जाण्यापासून राज्य कसे रोखणार, हा त्यांचा मुद्दा होता. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला या सबंध दीड शतकाच्या चर्चेतली सर्वांत मोलाची वाटते. आग्रह व्यक्तीच्या हक्काचा धरण्यापेक्षा कर्तव्याचा धरावा, संकटाच्या वेळी राज्याने हाक दिली तर हत्यार घेणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे ते म्हणाले. साम्राज्याने ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असे म्हटले होते. आंबेडकरांनी प्रत्येकाच्या हाती बंदूक न देताही ‘प्रत्येकावर विश्वास आहे, वेळ आली की सर्वांनाच बोलावू’ असे उत्तर दिले. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला, आणि शीख धर्माचा भाग म्हणून कृपाण धारण करण्याला २५ व्या अनुच्छेदात जागा दिली.

स्वतंत्र भारताने साम्राज्याचाच कायदा वेगळ्या नावाने चालू ठेवला, हा शेवटचा आक्षेप. त्यात काही तथ्य आहे. १८७८ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे तसाच राहिला, आणि परवान्याची मर्जी आजही सत्तेजवळच्या माणसाकडे अधिक झुकते हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. कुर्गच्या कोडवांची वंशपरंपरागत सूट अजून टिकून आहे. २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली गेली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने जो बदल केला तो लहान दिसला तरी मुळावर घाव घालणारा आहे. तलवार-भाल्याला बंदुकीपासून वेगळे केले गेले. सरकारने एखाद्या भागासाठी अधिसूचना काढली तरच त्यांना परवाना लागतो. कोयते बाळगणाऱ्यांवर ‘हत्यार कायदा कलम ४ (२५)’ लावल्याच्या ज्या बातम्या आपण रोज वाचतो त्यांतले ४ ते हेच कलम. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि स्वसंरक्षणासाठी ठरावीक लांबीच्या नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यातच लिहिली गेली. कोकणात माकडांपासून आणि डुकरांपासून भात व बागा राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातली एकनळी त्या तरतुदीवर उभी आहे, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्यावरून होणारी कुरबूरही त्याच मर्जीच्या जुन्या प्रश्नाची आहे. पुढे दुरुस्त्या झाल्या. १९८८ मध्ये घातलेली सक्तीच्या फाशीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली, आणि २०१९ मध्ये एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १४ वे कलम. परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, आणि सार्वजनिक हिताच्या दृष्टीने ती सांगणे योग्य नाही असे त्याचे मत नसेल तर अर्जदाराने मागितल्यावर ती त्याला दिली पाहिजेत. १८ व्या कलमाने त्या नकाराविरुद्ध अपील आहे. लिटनच्या कलेक्टरवर असे बंधन नव्हते. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. ज्या कुणाचा अर्ज आज नाकारला जातो, त्याने कारणे लेखी मागावीत. तो हक्क मिळायला हलगलीपासून १०५ वर्षे लागली.